देवमासा कोणत्या कपाटात सापडतो?

शाळेचा ग्रंथपाल काय करतो, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पुस्तकं देतो, घेतो, तारीख टाकतो, उशीर झाला की दंड लावतो आणि मधूनमधून "आवाज नको" म्हणतो. ही कामं आहेतच. पण त्यातली निम्मी आता बारकोड वाचणारं यंत्र करतं. मग त्या टेबलामागे शिकलेला, पूर्ण वेळ माणूस बसवायचा कशाला? खर्च कमी करायची वेळ आली की हा प्रश्न हमखास निघतो, आणि माहिती काय, सगळी मोबाइलवर आहेच, असं म्हणून तो निकालातही काढला जातो.

माहिती मोबाइलवर आहे, हे खरंच. पण शाळेत मुलांना दिवसभर प्रश्न विचारले जातात. स्वतःचा प्रश्न कसा तयार करायचा, तो घेऊन कुठे जायचं आणि आलेल्या उत्तरावर कितपत भरवसा ठेवायचा, यासाठी वेळापत्रकात तास नसतो. गणिताला आहे, भाषेला आहे, याला नाही. हे शिकवणं ग्रंथपालाच्या वाट्याला येतं. ते बाहेरून दिसत नाही, कारण ते बहुतेक वेळा दोन-चार वाक्यांच्या बोलण्यात उरकतं.

समजा, सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत येते.

"मॅडम, देवमाशावर पुस्तक आहे?"

"आहेत ना. काय हवंय तुला देवमाशाबद्दल?"

"माहिती."

"कशासाठी गं?"

"प्रकल्प आहे. चार पानं लिहायचीत."

"मग चार पानांत काय काय घालणार?"

"सगळंच."

"बरं, प्रकल्प राहू दे घटकाभर. तुला स्वतःला काय जाणून घ्यावंसं वाटतं?"

ती जरा घुटमळते. मग म्हणते, "तो झोपतो कसा? श्वास घ्यायला वर यावं लागतं ना त्याला? मग झोपेत बुडत नाही?"

ग्रंथालयाच्या व्यवसायात या बोलण्याला रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात आणि ते रीतसर शिकवलं जातं. त्यामागचा अनुभव असा की वाचक पहिल्यांदा जे मागतो ते त्याला खरोखर हवं असतंच असं नाही. ग्रंथालयात जे मिळेल असं त्याला वाटतं, ते तो मागतो. प्रश्न बावळट वाटेल म्हणून तो गुळगुळीत करून विचारतो. मुलांच्या बाबतीत आणखी एक भर पडते: आपल्याला काय माहीत नाही, हेच त्यांना अजून नीट माहीत नसतं. "देवमाशाची माहिती" या मागणीला उत्तर म्हणून ज्ञानकोशाचं पान पुढे करता येतं, मुलगी ते उतरवून काढते आणि प्रकल्प संपतो. "झोपेत बुडत नाही का?" या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला शोधावं लागतं. फरक पडला तो एका मिनिटाच्या बोलण्याने.

पुढे ती सरळ माशांच्या कपाटाकडे जाते. तिथे शार्क असतो, सुरमई असते, देवमासा नसतो. मॅडमना हे आधीच माहीत असतं, पण त्या तिला जाऊ देतात. जगातली असंख्य शालेय ग्रंथालयं ज्या पद्धतीने पुस्तकं लावतात ती मेल्विल ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाने 1876 साली मांडली. सगळ्या ज्ञानाचे दहा मोठे वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. 500 पासून विज्ञान सुरू होतं, 590 ला प्राणी, 597 मध्ये मासे आणि 599 मध्ये सस्तन प्राणी. देवमासा 599 मध्ये, वाघ-हत्तींच्या शेजारी. "इथे कसा?" असं मुलीने विचारलं की अर्धं काम झालं. तो पिलांना दूध पाजणारा, फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी आहे, म्हणून इथे. आणि म्हणूनच त्याला श्वासासाठी वर यावं लागतं. कपाटाच्या क्रमांकाने तिच्या प्रश्नाचा एक धागा हातात दिला. (या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत. धर्मांच्या वर्गात बहुतेक सगळी जागा एकाच धर्माने व्यापली आहे, हे एखाद्या चौकस आठवीतल्या मुलाच्याही लक्षात येतं. आलंच तर तोही एक चांगला धडा.)

मग पुस्तक उघडायचं. मुलं पहिल्या पानापासून चाळायला लागतात. ग्रंथपाल शेवटची सूची दाखवतो. सूचीत "झोप" नाही. इथे बहुतेक मुलं पुस्तक मिटतात: "यात नाहीये." तेव्हा विचारायचं असतं की लेखकाने हीच गोष्ट दुसऱ्या कुठल्या शब्दाखाली घातली असेल? "विश्रांती"? "श्वसन"? "मेंदू"? "मेंदू" खाली ते सापडतं: डॉल्फिन आणि त्यांच्या गोतावळ्यातले प्राणी झोपतात तेव्हा मेंदूचा एक अर्धा भाग आराम करतो, दुसरा जागा राहतो, आणि नंतर पाळी बदलते. समोरच्याने कोणता शब्द वापरला असेल याचा अंदाज बांधणं हे कौशल्य दिसायला किरकोळ आहे, पण इंटरनेटवरचा चांगला शोध आणि वाईट शोध यांच्यात बऱ्याचदा एवढंच अंतर असतं.

ग्रंथालयशास्त्राचे प्रसिद्ध पाच नियम भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पुस्तकरूपाने मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आजही कुठल्याही ग्रंथपालाला हे तोंडपाठ असतात. पण शाळेतला चांगला ग्रंथपाल यातला चौथा नियम मुद्दाम थोडा मोडतो, असं माझं मत आहे. पान क्रमांक त्याला ठाऊक असतो, तरी तो लगेच सांगत नाही. वाचनालयातल्या मोठ्या माणसाला उत्तर हवं असतं. शाळेतल्या मुलाला उत्तरापर्यंत जायची वाट हवी असते. किती वेळ थांबायचं आणि कधी सांगून टाकायचं, हे मूल पाहून ठरतं. रडकुंडीला आलेल्या मुलाला शोधाचं शास्त्र शिकवण्यात अर्थ नाही.

मधला गोंधळ

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कॅरल कुल्थाउ यांचं काम. त्या स्वतः शाळेत ग्रंथपाल होत्या. 1980 च्या दशकात त्यांनी शाळेतल्या वरच्या वर्गांमधल्या मुलांचा बारकाईने अभ्यास केला. एखाद्या विषयावर निबंध लिहिताना मुलं काय करतात एवढंच त्यांनी पाहिलं नाही, त्यांना त्या त्या वेळी कसं वाटतं हेही पाहिलं. मुलांनी रोजनिशी ठेवली, मुलाखती दिल्या. त्यातून शोधाचे सहा टप्पे पुढे आले: काम हाती घेणं, विषय निवडणं, चाचपणी करणं, नेमकी दिशा ठरणं, साहित्य जमवणं आणि मांडणं.

सुरुवातीला मूल साशंक असतं. विषय ठरला की हुरूप येतो. आपल्याला वाटतं, इथून पुढे आत्मविश्वास वाढतच जाणार. प्रत्यक्षात तिसऱ्या टप्प्यावर तो घसरतो. वाचायला लागलं की एक पुस्तक एक सांगतं, दुसरं दुसरंच; विषय फुगतो; सुरुवातीला सोपा वाटलेला प्रश्न हातातून निसटतो. वाचन वाढलंय आणि गोंधळही वाढलाय, अशी ती अवस्था. चौथ्या टप्प्यावर, नेमकं काय म्हणायचंय ते सुचलं, की पुन्हा उजेड पडतो.

शिक्षकाला या सहा टप्प्यांपैकी साधारण दोनच दिसतात, विषय दिला तो दिवस आणि वही हातात आली तो दिवस. मधला गोंधळ घरी, रात्री, एकट्याने होतो. मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. आईबाबांना वाटतं विषयच अवघड निवडला, बदलून टाक. आणि जशीच्या तशी नक्कल बहुतेकदा इथेच होते. नक्कल म्हणजे आळस, असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे: गोंधळात अडकलेल्या मुलाला बाहेर पडायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता दिसतो. गोंधळ येणारच होता, तो चुकीचा नाही, असं कुणी सांगितलेलंच नसतं.

ग्रंथपाल नेमका इथे उपयोगी पडतो, आणि त्याची साधनं अगदी साधी असतात. "सगळी पुस्तकं मिटव आणि आतापर्यंत काय कळलं ते मला पाच वाक्यांत सांग." सांगता सांगता मुलालाच कळतं की आपल्याला तीन गोष्टी माहीत आहेत आणि चौथी अडलीये. "यातलं तुला नवल कशाचं वाटलं?" बऱ्याचदा निबंधाची दिशा याच उत्तरात असते. आणि कधी कधी उलटी गोष्ट: आठ पुस्तकं घेऊन बसलेल्या मुलाच्या हातातली पाच काढून घ्यायची.

आधी थोडं माहीत असावं लागतं

1988 साली डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग शिक्षणक्षेत्रात फार गाजला. मुलांना बेसबॉलच्या सामन्याच्या एका तुकड्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर काय घडलं ते करून दाखवायला सांगितलं. काही मुलं वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना बेसबॉलची चांगली माहिती होती, काहींना नव्हती. निकाल असा की वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली.

म्हणजे "वाचून समजणं" हे विषयापासून सुटं असं एकच कौशल्य नाही. ज्याला आधी थोडं माहीत असतं त्याला जास्त समजतं. म्हणून एखादं मूल महिनाभर फक्त आगगाड्यांची, नाहीतर डायनासोरचीच पुस्तकं नेतं तेव्हा ते "काहीतरी फालतू वाचतंय" असं म्हणायची घाई करू नये. ते मूल शब्द गोळा करतंय, काळाचे आणि आकारांचे अंदाज बांधतंय. ते पुढे भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या धड्यात कुठे कामाला येईल, सांगता येत नाही. शाळेत अशी मोकळीक देणारी जागा बहुधा एकच असते, आणि तिथला माणूस गुण देत नाही. वाचलेल्यावर परीक्षा नाही, सारांश लिहून आणायचा नाही, पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात परत करायची मुभा. न वाचणाऱ्या मुलाला वाचतं करायचं असेल तर ही शेवटची मुभा फार महत्त्वाची आहे. चित्रकथा चालतील का, असा प्रश्न पालक विचारतात. चालतील.

कोणती पुस्तकं ठेवायची, हा निर्णयही मग सोपा राहत नाही. बालसाहित्याच्या अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी 1990 साली लिहिलं की मुलांना पुस्तकांत आरसेही हवेत आणि खिडक्याही: स्वतःसारखी माणसं दिसतील अशी पुस्तकं, आणि दुसऱ्यांचं जग दिसेल अशीही. एखाद्या मुलाला पूर्ण कपाटात आपल्यासारखं घर एकदाही सापडलं नाही, तर पुस्तकं ही आपली गोष्ट नव्हे असं ते ठरवून टाकतं. उलट ज्याला सगळीकडे स्वतःच दिसतो, त्याला दुसरे लोक असतात हेच कळत नाही.

आणि ठेवण्याइतकंच काढणंही आलं. पुस्तकं बाद करणं हे ग्रंथपालाचं सगळ्यात बदनाम काम. पुस्तक फेकायचं? पण प्लुटो 2006 मध्ये ग्रहांच्या यादीतून वगळला गेला आणि बटुग्रहांमध्ये गेला. त्याआधीचं, "नऊ ग्रह" सांगणारं पुस्तक विज्ञानाच्या कपाटात तसंच उभं असेल, तर मूल ते खरं मानून वहीत उतरवणार. भरलेलं कपाट आणि कामाचं कपाट या दोन गोष्टी वेगळ्या. जुनी, चुकीची, फाटकी पुस्तकं काढली की उरलेली दिसायला लागतात आणि बाहेरही जास्त जातात, असं ग्रंथपाल मंडळी नेहमी सांगतात.

एक गोष्ट थोडक्यात, पण ती सुटायला नको. कोणी काय वाचायला नेलं हे ग्रंथपाल इतरांना सांगत सुटत नाही. वयात येण्याबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल, आजाराबद्दल, छळाबद्दल मुलं आधी पुस्तकाला विचारतात. ते चारचौघांत उघड होतं असं एकदा कळलं की त्या कपाटापाशी पुन्हा कोणी फिरकत नाही.

पान सोडून बाहेर पडायला शिकणं

"माहिती साक्षरता", म्हणजे हवी ती माहिती शोधता, पारखता आणि वापरता येणं, ही कल्पना या नावाने 1974 साली पॉल झुरकोव्स्की यांनी मांडली, म्हणजे घरोघरी इंटरनेट यायच्या कितीतरी आधी. नंतर शाळांमधून मुलांना खरं-खोटं ओळखायच्या याद्या दिल्या जाऊ लागल्या: संकेतस्थळाच्या पत्त्याचं शेपूट (.com, .org वगैरे) बघा, संपर्काचं पान आहे का बघा, शुद्धलेखन बघा, दिसायला नीटनेटकं आहे का बघा. या याद्या आता कुचकामी आहेत, कारण खोटं पसरवणाऱ्याला नीटनेटकं पान बनवता येतं. 1998 पासून इंटरनेटवर एक पान आहे, झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसबद्दलचं. चित्रं आहेत, शास्त्रीय नाव आहे, तो वाचवण्याची मोहीमही आहे. प्राणी मात्र अस्तित्वात नाही. अमेरिकेतल्या सातवीच्या, इंटरनेटवर वाचण्यात तरबेज मानल्या गेलेल्या मुलांना ते दाखवलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

मग तपासायचं कसं? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन गट घेतले होते: 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले आणि बोधचिन्हं, भारदस्त नावं यांना अनेकदा फसले. तथ्यतपासनीसांनी ते पान जवळजवळ वाचलंच नाही. ते लगेच बाहेर पडले, नवीन टॅब उघडले आणि ते पान चालवणाऱ्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. कमी वेळात त्यांनी जास्त अचूक निष्कर्ष काढले. याला आडवं वाचन म्हणता येईल. मुलांना हे शिकवणं थोडं विचित्र वाटतं, कारण बाकी सगळे तास आपण त्यांना नीट, शेवटपर्यंत वाचा असंच सांगत असतो. इथे सांगायचं की आधी पान सोड, ते वाचण्याच्या लायकीचं आहे का ते बघ, मग परत ये.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आल्यावर यात नवी भानगड आली. ती कधी कधी नसलेल्या पुस्तकांची नावं लेखकासकट, वर्षासकट ठामपणे देतात. मूल यादी घेऊन ग्रंथालयात येतं, ग्रंथपाल तालिकेत शोधतो, नाव कुठेच नाही. पुस्तक खरोखर आहे का हे पाहण्यासाठी तालिका, प्रकाशकाची यादी आणि मुखपृष्ठामागचा आयएसबीएन क्रमांक (पुस्तकाचा ओळखक्रमांक) हे जुने मार्ग पुन्हा कामाला येतात.

शिक्षकाशी गाठ पडली तरच

हे सगळं ग्रंथपालाने एकट्याने करायचं ठरवलं तर फारसं साधत नाही. ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे इफ्ला, आणि युनेस्को यांनी शालेय ग्रंथालयांचा जाहीरनामा काढला तेव्हापासून शिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून काम करण्यावर भर दिला जातोय. कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ग्रंथपालाला प्रकल्पाचा विषय मुलांकडूनच कळतो, तोही एकाच दिवशी चाळीस मुलं तेच पुस्तक मागायला आली की.

शिक्षक आधी भेटला तर प्रश्नच बदलता येतो. "देवमाशाची माहिती लिहा" हा प्रश्न नकलेला आमंत्रण देतो. "किनाऱ्यावर अडकलेला देवमासा श्वास घेऊ शकत असूनही का मरतो?" असं विचारलं तर तयार उत्तर उचलून भागत नाही. पाण्याचा आधार गेल्यावर स्वतःच्या वजनाखाली शरीर दाबलं जाणं, चरबीच्या जाड थरामुळे अंग तापणं, असे दोन-तीन ठिकाणचे तुकडे जोडावे लागतात. वर्ग तोच, पुस्तकंही तीच, फक्त प्रश्न वेगळा.

याचा शिकण्यावर परिणाम होतो, हे सिद्ध झालंय का? कीथ करी लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलोरॅडो राज्यातल्या शाळांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथालयात पुरेसे कर्मचारी आणि पुस्तकं असलेल्या शाळांतल्या मुलांची वाचन-चाचणीतली कामगिरी चांगली होती, आणि घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरल्यावरही संबंध टिकून राहिला. पुढे अमेरिकेतल्या इतर अनेक राज्यांत असेच अभ्यास झाले आणि साधारण तसंच दिसलं. तरी हे परस्परसंबंध आहेत. जी शाळा ग्रंथपाल नेमते ती इतरही चार गोष्टी नीट करत असणार, त्यामुळे सगळं श्रेय ग्रंथपालाला देणं घाईचं होईल. पण इतक्या ठिकाणी तोच कल दिसतो, तेव्हा "काही फरक पडत नाही" असं म्हणणाऱ्याकडेही पुरावा मागायला हवा.

मुलाच्या शाळेचं ग्रंथालय पाहायला गेलात तर एकूण पुस्तकं किती, हा आकडा विचारू नका. तो सगळ्यांकडे तयार असतो. गेल्या वर्षी किती बाद केली ते विचारा. तासाव्यतिरिक्त एखाद्या मुलाला प्रश्न पडला तर त्याला तिथे येता येतं का, आणि प्रकल्प देण्याआधी शेवटचे कोणते शिक्षक ग्रंथपालाशी बोलायला आले होते, तेही विचारा. शेवटच्या प्रश्नाला ग्रंथपालाने नाव आणि विषय लगेच सांगितला, तर कपाटं कमी असली तरी चालेल.